भेकरीचा झिरा

फार मागची गोष्ट बरं. तेव्हा जनावरं एकमेकांशी बोलत, पण ऐकत मात्र कमीच.

त्या उन्हाळ्यात नदी आटली. वाळूत दोनच झिरे उरले. पाण्याची वाटणी नीट व्हावी म्हणून कुंभारीण माशीनं मातीचं एक हुशार पाखरू घडवलं. काठावर बसून ते कोण किती पितं ते बघत राही. एकदा म्हणालं, "धाकट्या झिऱ्यावर भेकरी कधीतरीच येते. तिला तहान कमी. तो बुजवा, पाणी थोरल्यात येऊ द्या."

टिटवी ओरडली, "अगं कुंभारणी, थोरल्यापाशी तरस ठाण मांडून असतो! तो निजला की ही लेकुरवाळी लपत धाकट्यावर येते. जरा विचार तरी तिला!"

"तू तर ढग बघूनही ओरडतेस," माशी हसली. झिरा बुजला.

भेकरीचा पान्हा आटला, आणि तिचं पाडस गेलं.

माशी पाखरावर कडाडली, "मेल्या, तुला दिसलं नाही?"

"ती कमी येते एवढं दिसलं, माय. का कमी येते, ते विचारायला तू शिकवलंच नाहीस."

मग सगळ्यांनी तरसाला हाकललं, धाकटा झिरा पुन्हा उकरला. भेकरी आली. पाणी पुढ्यात होतं, पण ती कितीतरी वेळ मागं वळून बघत उभी राहिली.