सदोबा गुरुजींचा आंबा

डोंगराला गाडीवाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आंबेघोळच्या शाळेत सदोबा गुरुजी होते. त्यांनी पाढे म्हटले की नदीपलीकडची गुरंसुद्धा माना वर करत, असं म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. घाई मात्र फार होती त्यांना.

वरच्या पाड्यातून सोमी नावाची पोर डोंगर उतरून शाळेत यायची. पाड्यातून आलेली ती पहिलीच, आणि अक्षरं शिकायची तिला भारी हौस. गुरुजी तिच्यासमोर आंबा धरून विचारायचे, "हे काय आहे?" गावातली पोरं लगेच ओरडायची, "आंबा!" सोमी गप्प. गुरुजी आवाज चढवून पुन्हा विचारायचे, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. रोज तेच. शेवटी त्यांनी तिच्या आजाला बोलावून सांगितलं, "पोर मंद आहे. घरी ने."

काही दिवसांनी म्हातारा आंब्यांची पाटी घेऊन आला.

"पोरीनं तुझा आंबा घेतला असंल तं हे ठेव," तो म्हणाला. "पन ती नाय म्हनतं."

"चोरी केली? असं मी म्हणालोच नाही."

"तूच तं रोज तिला आंबा दाखवून इचारतोस. ज्याला ठावं हाय, तो उगाच कशाला इचारंल?"

त्यांच्या पाड्यात ठाऊक असलेली गोष्ट फक्त चोराला विचारत. गुरुजींना हे उमगलं तोवर म्हातारा निघून गेला होता. एवढा शिकलेला माणूस, पण "का गं रडतेस?" एवढं विचारायला त्याला सुचलं नाही. मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते वर गेले, तर चुली थंड. चोरीचा ठपका लागला की ती माणसं जागाच सोडत. मग गुरुजी डोंगरामागून डोंगर हिंडले, भेटेल त्याला विचारत, "सोमी कुठे आहे?" उत्तर ठाऊक नसलेला त्यांचा तो पहिलाच प्रश्न. म्हणून झाडं बोलली, कातळ बोलले, असं म्हणतात. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं, "ठाऊक नाही." गुरुजी परत आले नाहीत.

आजही आंबेघोळला शाळा उघडते त्या दिवशी तेव्हाचे जे कोणी गुरुजी असतील ते पाटीभर आंबे वाटतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "सोमी कुठे आहे?" कुणी सांगतं, नदीवर. कुणी सांगतं, येतेय, वाटेत आहे. विचारणाऱ्या गुरुजींनाही उत्तर ठाऊक नसतं, म्हणून कुणाचंच चुकत नाही. त्या दिवशी डोंगरावरच्या इतर पाड्यांतली पोरंही हात वर करतात.