तांबटाच्या बायकोचा वाढदिवस

लहानग्यांनो आणि मोठ्यांनो, फार फार पूर्वी मांजरं माणसांशी बोलत असत. माणसं त्यांचं ऐकतही असत. एकमेकांचं ऐकायला मात्र माणसांना तेव्हाही सवड नव्हती.

त्या काळी नदीकाठच्या एका राजधानीत एक तांबट राहत होता. हंडा असो, घंगाळ असो, नखाने टिचकी मारायची, कान लावायचा आणि भांड्याचं सगळं गुपित सांगायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

त्याची बायको दिवसभर चुलीपुढे असे. दुकानात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, ही तांबटाची रीत. त्यामुळे आधी पाहुण्यांची पानं, मग नवऱ्याचं पान आणि सगळं आवरलं की उरलेली गार पोळी घेऊन ती बसे. तव्यावर फुगलेली पोळी थेट आपल्या ताटात पडलीय, असं लग्न झाल्यापासून तिच्या बाबतीत एकदाही घडलं नव्हतं.

तिचा वाढदिवस जवळ आला, तसा तांबट एके दिवशी म्हणाला, "यंदा संध्याकाळी चूल पेटवायची नाही. तुला राजधानीतल्या सगळ्यात थाटाच्या भोजनगृहात नेतो."

तिला भरून आलं. "अहो, थाट नसला तरी चालेल," ती म्हणाली. "मी बसलेली असावी आणि कुणीतरी मला गरमागरम वाढावं. एवढंच."

"हो हो," तांबट म्हणाला आणि पागोटं चढवून भोजनगृह निवडायला निघाला.

पहिल्या दिवशी तो तळ्याकाठच्या भोजनगृहातून तोंड पाडून परत आला. "जागा छान आहे गं, पण वाट्या अगदी हलक्या. आवाज बसका."

"आणि स्वयंपाक?"

"तो कुठे बघितला?"

दुसऱ्या दिवशी तो राजाच्या बागेतल्या भोजनगृहात जाऊन आला. "ताटं चांगली काशाची आहेत, पण एकाला बारीक चीर आहे. कुणाच्या लक्षात येणार नाही, मला आली."

"अहो, मी काय ताट खाणार आहे?" ती वैतागून म्हणाली. "पुऱ्या कढईतून काढून लगेच वाढतात की नाही, तेवढं विचारून या."

"अगं, ते सगळं होईल. तू फक्त नटून चल."

तिने रागाने परात आपटली. बाहेरच्या ओसरीवरून तांबटाचा आवाज आला, "मधली परात ना ती? काठ सैल झालाय बघ तिचा!"

आता हसावं की रडावं, तिला कळेना. चुलीशेजारची मांजर एक डोळा उघडून म्हणाली, "त्याला नीट सांग ना."

"सांगून सांगून जीभ झिजली माझी. माझा वाढदिवस आहे आणि हा मुलगी बघायला गेल्यासारखा भांडी बघत हिंडतोय!"

"मग त्याला भांड्यातूनच कळू दे," मांजर म्हणाली. "त्याचं लक्ष तिथेच असतं."

वाढदिवसाच्या संध्याकाळी तांबट तिला राजवाड्यासमोरच्या भोजनगृहात घेऊन गेला. चांदीची ताटं, चंदनाचे पाट, दारात अत्तर. मुदपाकखान्यातून तळणीचा वास येत होता. तिला वाटलं, चला, उगीच चिडलो आपण.

ती पाटावर बसणार, इतक्यात भोजनगृहाचा कारभारी पुढे आला. त्याने तूप वाढायची चांदीची तामली तिच्या हातात दिली. "आमच्याकडे ज्यांचा वाढदिवस, त्यांनी आपल्या हाताने पंगतीला तूप वाढायचं. फार मोठा मान आहे. एकदा तामली हातात घेतली की पंगत उठेपर्यंत खाली ठेवायची नाही. ज्याच्या हातात तामली, त्याने मागून जेवायचं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आनंदाने फुलून गेला होता. "मला ठाऊक होतं! म्हणून तर हेच निवडलं. अगं, असा मान राण्यांनाही मिळत नाही!"

रेशमी शालूचा पदर खोचून ती वाढायला लागली. सरदार म्हणाले, अजून थोडं. सावकार म्हणाले, इकडेही या. तिच्या रिकाम्या पाटापुढे टम्म फुगलेल्या पुऱ्या आल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत बसल्या. वाढत वाढत ती नवऱ्यापाशी आली. तो गरम पुरीचा घास तोंडात घालत म्हणाला, "मलाही घाल थोडं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिला मांजरीचं बोलणं आठवलं.

"अहो," ती म्हणाली, "या तामलीचा आवाज मला काही बरोबर वाटत नाही. बघता का जरा?"

तांबटाने घास टाकून दोन्ही हातांनी तामली घेतली, टिचकी मारली आणि डोळे मिटून कान लावला. "छे! अस्सल आहे गं," असं म्हणून त्याने डोळे उघडले, तर बायको दाराबाहेर पडत होती.

तो उठला, पण कारभारी आडवा आला. "तामली आता आपल्या हातात आहे."

मग तांबट वाढत राहिला. पंगत उठली, तेव्हा त्याच्या ताटात चामट झालेल्या पुऱ्या आणि थिजलेलं तूप उरलं होतं. रिकाम्या पाटांच्या रांगेत तो एकटा जेवायला बसला. दुसरा घास त्याच्या घशाखाली उतरेना. आपली बायको रोज हेच जेवते, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली.

बाहेर घाटावर एका म्हातारीची चूल पेटलेली होती. तांबटाची बायको शालू सावरून तिच्यापुढे बसली होती. पानावर पिठलं होतं, आणि म्हातारी तव्यावरची भाकरी थेट तिच्या पानात टाकत होती. तांबट येऊन शेजारी बसला.

"जेवण कसं होतं?" तिने विचारलं.

"गार," तो म्हणाला. मग जन्मात पहिल्यांदाच त्याने विचारलं, "तुला अजून एक भाकरी हवी का?"

"हवी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात पहिली पोळी तिच्या ताटात पडू लागली. दुकानात आलेले पाहुणे मागून जेवू लागले, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

तात्पर्य : ज्याला सुख द्यायचं, त्याला काय हवं ते आधी त्यालाच विचारावं, आणि त्याने सांगितलेलं ऐकावं.