चुळीचं तळं

या तळ्याचं पाणी आमच्या सावरघळ गावात कोणी पीत नाही आणि देवालाही घालत नाही. ते फक्त तोंडात धरायचं. घरातल्या सुनेला कळा लागल्या की सासू, सासरा, नवरा, दीर असे सगळे या पाण्याची एकेक चूळ भरून घेतात आणि उंबऱ्याबाहेर गप्प बसतात. तळ्यात साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देवता राहतात, त्यांनीच हा नेम घालून दिला, असं पुजारी सांगतात. सांगोत बापडे. मला म्हाताऱ्याला मात्र आसरांपेक्षा एका सुईणीचा संशय जास्त येतो. तुम्ही सावलीत बसा, सांगतो.

फार जुनी गोष्ट. घाटातून बैल हाकत कोकणात उतरायचं आणि मीठ घेऊन यायचं, हा तेव्हा गावाचा धंदा. सिदोजी नावाचा गडी दिवाळी होताच बैल घेऊन गेला, तो शिमग्याला परतला. त्याची बायको भिवरा. तिचं पहिलंच बाळंतपण, आणि कळा सुरू झाल्या त्या दसऱ्याच्याही आधी. गावानं बोटं मोजली. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, हे सुचायला मन स्वच्छ लागतं. आमच्या गावाला दुसरंच सुचलं. शेजारणी काहीतरी निमित्त काढून अंगणात डोकावू लागल्या.

तेव्हा अशी समजूत होती म्हणे, की बाईच्या पोटात पाप असलं की मूल अडतं, आणि तिनं त्या पुरुषाचं नाव घेतलं की सुटतं. नाव घेतलेल्या बाईचं पुढे काय व्हायचं? तो समोर कडा दिसतोय ना, तिथून तिला लोटायचे. भिवरेचं मूल अडलं. कळांवर कळा येत होत्या, पण पुढे काही सरकत नव्हतं. उशाशी तिची सासू सगुणा बसली होती. कळ जरा ओसरली की ती विचारायची, "नाव घे त्याचं. मोकळी हुशील." दाराबाहेर सिदोजी कान लावून उभा. तिथून तो हलत नव्हता.

सुईण होती चिमा. तिनं पाहिलं, पोरीनं दातखीळ बसल्यासारखे दात आवळलेत. मुठी, मांड्या, सगळं अंगच आवळलेलं. अशानं मूल खाली उतरणार कसं? ती कानाशी वाकून म्हणाली, "बये, वरड की. तोंड कशापायी दाबतीस?"

भिवरा कुजबुजली, "मावशे, कळ आली की मी माझी ऱ्हात न्हाई. तोंड उघडलं आन भलतंच नाव आलं तर? भावाचं आलं, शेजाऱ्याचं आलं, तरी ही मला कड्यावर न्हेतील. दुखतंय ते सोसन. मला माझ्या तोंडाचंच भ्या वाटतंय."

चिमा उठली, तळ्यावर गेली आणि घागर भरून आली. सगुणेला तिनं बाहेर काढलं, घरच्या सगळ्यांना अंगणात बसवलं आणि आसरांचा निरोप सांगितला. चूळ धरून बसा, ज्याच्या पोटात पाप त्याच्या तोंडात पाणी टिकायचं नाही. आसरा तिच्याशी खरंच बोलल्या का? ती गेली काय आणि आली काय, बोलायला सवड तरी कुठे मिळाली, असं आपलं मला वाटतं. पण घरच्यांपैकी कोणी नाही म्हणावं, तर संशय त्याच्यावरच येणार. सगुणेसकट सगळ्यांनी मुकाट चूळ भरली. मग जो तो दुसऱ्याच्या गळ्याकडे बघू लागला, घोट उतरतोय का म्हणून. दिराची नजर सिदोजीवर, सासऱ्याची सगुणेवर. भिवरेला विचारायला कोणाचं तोंडच मोकळं राहिलं नाही.

घर शांत झालं. पुढची कळ आली तशी भिवरेनं तोंड उघडलं आणि अशी किंचाळली, की गोठ्यातले बैल उठून उभे राहिले. आणि सगळे इतका वेळ मागत होते ते नाव अखेर तिच्या तोंडून आलं.

"आत्याबाई! आत्याबाई, मला धरा!"

आमच्याकडे सून सासूला आत्याबाई म्हणते. भीतीनं अर्धमेल्या झालेल्या त्या पोरीला ना माहेर आठवलं, ना नवरा. जी छळत होती, तिलाच तिनं हाक मारली. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

आता सगुणेला ओ द्यायची तर तोंडातलं पाणी गिळावं लागणार. सगळे तिच्याकडेच टक लावून बसलेले. पाणी गेलं की पाप तिचं ठरणार, आणि कडा काही सुनांसाठीच नव्हता.  तरी सगळ्यांदेखत तिनं घोट गिळला, "आले गं पोरी," म्हणाली आणि आत शिरली. तिनं भिवरेला पाठीमागून घट्ट कवेत धरलं. काही वेळानं मूल रडलं. तोवर सिदोजीच्या तोंडातलं पाणी त्याच्या अंगरख्यावर सांडलं होतं, आणि बाकीच्यांच्याही तोंडात पाणी उरलं नव्हतं. त्यामुळे कड्याचं नाव कोणी काढलं नाही.

आजही सावरघळची माणसं सुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, तेव्हा बाटलीत हे पाणी असतं. बाकावर रांगेनं गाल फुगवून बसतात. आतून बाई ज्याला हाक मारेल त्यानं घोट गिळून उठायचं. सुरुवातीला नर्सबाई चिडायच्या, आता त्या स्वतःच हाक ऐकून दार उघडतात.

आणि आजही गोष्ट संपली की पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतंच, "पण मूल होतं कोणाचं?" तुमच्याही ओठांवर आलेलं दिसतंय मला. तो तांब्या घ्या. आधी चूळ भरा.