सावलीचा मान

चपला जरा अलीकडंच काढा, पाव्हणं. ओढ्याकाठचा हा कुंकवानं माखलेला सपाट खडक दिसतोय ना, तो देव नाही. भाऊबीजेला कोंढाळ्याच्या लेकी इथं टिळा लावतात. कुणाला, ते ऐका.

फार मागं गावात गाठीचा ताप आला, असं सांगतात. आजाऱ्यांना ओढ्यापलीकडच्या टेकाडावर झोपड्यांत ठेवायचं आणि ओढा कुणी ओलांडायचा नाही, असं गावानं ठरवलं. आवडाईचा धाकटा भाऊ म्हाळू तिकडंच होता. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. त्याचा ताप उतरला म्हणे, पण गड्याची उमेदच गेली. ओढ्यातल्या दगडावर ती ठेवायची ती भाकरी दोन दिवस तशीच वाळली.

भाऊबीज उजाडली. बहिणीनं ओवाळल्याशिवाय भावानं जेवायचं नाही, ही रीत. आवडाईनं ओळखलं. आज ओवाळलं नाही, तर न जेवायला त्याला निमित्तच मिळणार! दिवसभर तिनं पाटलाची मनधरणी केली. पाटील वाईट नव्हता, पण त्याच्याच घरची दोन माणसं गेली होती. तो बधला नाही. "गेलीस तर माघारी येऊ नगंस. तुझी लेकरं हिकडं हायेत," एवढंच म्हणाला.

दिवस कलला तशी ती ताट घेऊन या खडकावर आली. पलीकडं म्हाळू टेकाडाच्या कडेला येऊन उभा राहिला. सूर्य त्याच्या पाठीशी होता, आणि त्याची सावली ओढा ओलांडून थेट तिच्या पायाशी पडली.

बाया ओरडल्या, "अगं, मागं सर! आजाऱ्याची सावली अंगावर घेतीस व्हय?"

"ओढा मी न्हाई वलांडला," आवडाई म्हणाली. "माझा भाऊच आलाय."

ती गुडघ्यांवर बसली. सावलीच्या कपाळी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मग पलीकडं बघून कडाडली, "म्हाळ्या, ओवाळलं! आता जेव, न्हाईतर मी हितंच उपाशी बसते!"

म्हाळू ढसाढसा रडला म्हणे. मग ओढ्यात उतरला, दगडावरची भाकरी उचलली आणि तिच्यादेखत खाल्ली.

पुढच्या भाऊबीजेला तो खडखडीत बरा होऊन बहिणीच्या दारात आला. पाहतो तर पाट मांडलेलाच नव्हता. आवडाईनं त्याला या खडकावर आणून उभा केला. तो कपाळ पुढं करू लागला, तशी ती म्हणाली, "थांब जरा. आधी तिला. तुला येता येत न्हवतं, तवा ती आली हुती."

आजही कोंढाळ्यात भाऊ धडधाकट समोर उभा असला, तरी पहिला टिळा त्याच्या सावलीला लागतो. त्या दिवशी ऊन कलेपर्यंत गावातला एकही भाऊ जेवत नाही.