उखा सुताराची मोगरी

तापीकाठच्या बोरकुंड्यात सखानंद महाराज नदीवरच्या मठात राहत, तेव्हाची ही हकीकत. भाविकहो, ऐकायला ती सगळीच गोड नाही, आधीच सांगतो.

गावात दरसाल बालाजीचा रथ निघे. दोर ओढायला शंभर जण. पण रथ वळवायचा, थांबवायचा तो चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून. ते काम उखा सुताराचे. वीस वर्षे त्याने दुसऱ्या कोणाला मोगरीला हात लावू दिला नव्हता. "चुकलं तर माणूस चिरडेल," म्हणे. खांदे निखळायला आले, झोप उडाली, तरी कुणाला शिकवले नाही. आणि गाव तरी काय! हारतुऱ्यांना सगळे पुढे, वाकायला एकटा उखा.

त्या वर्षी तो देशमुखांच्या ओसरीवर गेला. हात जोडून म्हणाला, "मालक, आता होत नाही. मन उठलं माझं. दोन गडी द्या जोडीला."

विश्रामराव देशमुख चारचौघांत हसले. "इतकी वर्षं मिरवलास, अन् आता पाय काढतोस? रथ अडला तर गावात तोंड दाखवू नकोस!"

उखा परतला. रथ निघाला. वेशीच्या उतारावर त्याचे हात लुळे पडले आणि मोगरी निसटली. दोरवाले जीव घेऊन बाजूला पळाले. रथ सुसाट सुटला. समोर वेशीत कोण? खुद्द देशमुख, हार घेऊन उभे! त्यांचे पाय जागचे हलेनात.

"महाराज, धावा हो!" उखाने टाहो फोडला.

रथ थबकला. देशमुखांच्या छातीपासून वीतभर. चाकाखाली खडासुद्धा नव्हता!

सारे मठाकडे धावले. महाराज खांबाला पाय लावून बसले होते. तळपायावर चाकाच्या लोखंडी धावेचा वळ, आणि रक्त ठिबकत होते. देशमुखांनी त्या पायांवर डोके ठेवले. महाराज त्यांच्याशी बोललेच नाहीत.

"उखा," महाराज म्हणाले, "वीस वर्षं रथ चालवलास. देवाचं मुख कसं आहे रे?"

उखा ढसाढसा रडत म्हणाला, "ठाऊक नाही महाराज. मी नुसतं चाकच बघत आलो."

"मग कुणासाठी राबलास? चार माणसांवर विश्वास टाकला नाहीस, देवावरही नाही. आजची हाक आधी का नाही मारलीस? जा, मोगरी दुसऱ्यांना शिकव. तू वर बघत चाल."

परतीच्या वाटेवर उखा रिकाम्या हातांनी चालला. "डावीकडं घ्या! दमानं!" एवढेच सांगे, आणि पुन्हा मान वर करी. "अरे, हसतोय की हा!" तो पुटपुटला, आणि स्वतःही हसला. देव वीस वर्षे तसाच हसत होता. उखा तेवढा म्हातारा झाला होता, आणि ती वर्षे महाराजांनीही परत दिली नाहीत.

मोगरी देशमुखांनी मागून घेतली होती. उखा सांगेल तेव्हा जरीच्या फेट्यासकट त्यांना चाकापाशी वाकावे लागे. देवळापर्यंत ते वाकत गेले.