तांब्यावरचा तट

साळूवर कोणी विश्वास ठेवला नाही. आधी हे सांगायचं, मग बाकीचं. शेळ्यामेंढ्यांच्या गडाला लांडग्यांचा वेढा पडून चार महिने झाले होते, आणि गडावर खरं बोलणाऱ्यापेक्षा धीर देणाऱ्याला शिधा जास्त मिळत होता.

साळू साळिंदर होती. स्वतःच्याच काट्याने ती तांब्याच्या पत्र्यावर तटाचे नकाशे कोरायची. पत्र्याला शाई फासून कागद दाबला की छाप निघायचा, तो चौक्यांवर जायचा. मधे दरवाजा, दोन्ही बाजूंना सारखाच तट.

तिचं घर डाव्या तटाला लागून. एका सकाळी परातीतलं पाणी आपोआप थरथरू लागलं. खाली लांडगे भुयार खणत होते. घर सोडायला बंदी होती. घबराट पसरते म्हणे. घरात तीन पिल्लं.

तिने वर्दी दिली. किल्लेदार बोकड म्हणाला, भुयार नकाशात दाखव, सैन्य तिथं उभं राहील. साळूने ते पत्र्यावर उजवीकडे कोरलं.

"डावीकडचं भुयार उजवीकडे? डोळे फुटले का, बाई?"

"छाप उलटा पडतो, सरकार. पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं."

"सरकारांना डावं-उजवं शिकवतेस?" कारभारी बगळा म्हणाला. "आहे तसं काढ. नाहीतर पिल्लांचा शिधा बंद."

तिने आहे तसं काढलं. पत्रा दरबारात टांगला गेला. तिथं तो अगदी बरोबर दिसत होता. छाप चौक्यांवर गेले.

ओला छाप घेऊन साळू बगळ्याकडे धावली. "बघा. सैन्य उजवीकडे चाललंय."

बगळ्याने छाप बराच वेळ पाहिला. "दिसतंय मला. पण आता बदललं तर सरकार चुकले असं होईल. घरी जा तू."

तिसऱ्या दिवशी, साळू शिध्याच्या रांगेत उभी असताना, डावा तट बसला. उजवीकडचं सैन्य धावत आलं, पडलेल्या तटाच्याच ढिगाऱ्याने खिंडार बुजवलं, आणि गड कसाबसा वाचला. साळूच्या घरातली परात सापडली. पिल्लं नाही सापडली.

मग लढाईचं चित्र कोरायचं ठरलं. खिंडारात बोकड, शिंगं वर, दाढी वाऱ्यावर. खाली एकच ओळ, तट कोणामुळे पडला त्याची. नाव बगळ्याने सांगितलं.

साळूने काटा उचलला. बगळा तिच्या खांद्यावरून वाकला.

"अक्षरं उलटी काढ हं. छाप सुलट यायला हवा."

तिने एकेक अक्षर उलटं कोरलं. शाई लागली, कागद दाबला, सोलून उचलला. ओळ स्वच्छ, सुलट उमटली होती: तट पाडणारी, साळू.