दोरावरची नाव

गोष्ट फार जुनी आहे; तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात एक मोठी नदी होती. पाण्याला विलक्षण ओढ, दरवर्षी माणसे बुडत. एका सुताराने बारा वर्षे डोके खपवून तोड काढली. दोन्ही काठांवर खुंट रोवले, मधे अंबाडीचा जाड दोर ताणला आणि नाव कप्पीने त्या दोराला अडकवली. पाणी कितीही ओढो, नाव वाहून जाईना. त्या वर्षी एकही माणूस बुडाला नाही.

लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. राजाने सभेत जागा दिली. सुताराने लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला आणि खांद्यावर शेला घेतला.

चौथ्या वर्षी दोराचे पीळ उकलू लागलेले त्याला दिसले. तो सभेत म्हणाला, "महाराज, दोर बदलायला हवा. आठ दिवस नाव बंद ठेवावी लागेल."

प्रधान हसले. "जत्रा तोंडावर आली. पाहुणे काय पोहत येणार? जत्रेपुरता दोर टिकेल की नाही, एवढेच सांगा."

सारी सभा त्याच्याकडे पाहू लागली. टिकणार नाही, हे त्याला ठाऊक होते. पण आडवे बोलणारा सभेत फार दिवस बसत नाही, हेही आता ठाऊक झाले होते.

"टिकेल," तो म्हणाला.

जत्रेच्या सकाळी त्याची बायको पलीकडे माहेरी निघाली. "अहो, दोर विरलाय म्हणतात. जाऊ ना?"

'नको' म्हणावे असे त्याला वाटले. पण घरच्याच माणसाला अडवले, तर गावभर बोभाटा होणार.

"जा," तो म्हणाला.

"तुम्ही म्हणता म्हणजे काळजी नाही," असे म्हणून ती गेली.

दुपारी भर प्रवाहात दोर तुटला. एकवीस माणसे गेली. त्याच्या बायकोचा देह तिसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

सुताराने भरसभेत सगळे कबूल केले, शिक्षा मागितली. राजा म्हणाला, "नदीपुढे कुणाचे चालते? बसा आपल्या जागेवर."

तो बसला नाही. काठावर परतला, नवा दोर वळला, नवी नाव बांधली. "हा दोर पक्का आहे," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. पण कुणी नावेत पाय ठेवत नसे. लोक पुन्हा ओंडक्यांना धरून नदी ओलांडू लागले आणि पुन्हा बुडू लागले. रिकाम्या नावेत उभा राहून तो ते पाहत राहिला, मरेपर्यंत.

लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: जागा राखण्यासाठी जाणता एकदा खोटे बोलला, की पुढे त्याचे खरेही कुणाला तारत नाही.